घाट उतरताना हायब्रिड गाडीतला ‘बी’: तो काय करतो आणि कधी लावायचा

ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे आपल्याकडे ड्रायव्हिंग शिकवणारा प्रत्येक जण सांगतो. दुसऱ्या गिअरमध्ये चढलात तर दुसऱ्यातच उतरा, म्हणजे इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. नियम चांगला आहे. पण स्ट्राँग हायब्रिड गाडीत, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर गाडी एकट्याने ओढू शकणारी विजेची मोटर असलेल्या गाडीत, बसल्यावर तो कसा पाळायचा? तिथे पहिला, दुसरा, तिसरा असे गिअरच नसतात. लिव्हरवर पी, आर, एन, नेहमी पुढे चालवायचा डी आणि शेवटी एक ‘बी’ असतो. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड, होंडा सिटी ई:एचईव्ही या गाड्या घेणाऱ्या अनेकांनी या ‘बी’ला कधी हात लावलेला नसतो. दुसऱ्या टोकाला काही जण ‘बी म्हणजे बॅटरी’ असं समजून शहरातही दिवसभर त्यातच गाडी चालवतात. दोन्ही चूक आहे.

‘बी’ म्हणजे ब्रेकिंग. बॅटरी जास्त भरावी म्हणून तो दिलेला नाही. बॅटरीत आता जागा उरणार नाही आणि उतार तर अजून बराच आहे, अशा वेळेसाठी तो आहे. हे पटायला घाटाचा थोडा हिशेब करावा लागेल.

घाटाची वीज किती, बॅटरी केवढी

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. आंबेनळी घाटातून पोलादपूरला उतरलात की सुमारे ४० किलोमीटरमध्ये तुम्ही जवळपास १,३०० मीटर खाली येता. चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,६०० किलो धरू. एवढं वजन तेवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा सुटते, ती विजेच्या बिलातल्या भाषेत साधारण ५.७ युनिट होते. हवेचा विरोध आणि टायरांचं घर्षण यातली दोन-सव्वादोन युनिटं खातात. उरलेली तीन-साडेतीन युनिटं कुठेतरी जिरवावीच लागतात, नाहीतर गाडीचा वेग वाढत जातो.

आता बॅटरी पाहा. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमधली लिथियम-आयन बॅटरी ०.७६ युनिटची आहे. म्हणजे एक युनिटसुद्धा नाही. शिवाय तिचं आयुष्य टिकावं म्हणून गाडी ती कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही आणि कधी काठोकाठ भरूही देत नाही. पडद्यावर सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात, तेव्हाही आत थोडी जागा मुद्दाम राखलेली असते. प्रत्यक्ष वापरायला मिळते ती याच्याही निम्म्याच्या आसपास. कणगी पायलीभराची आणि धान्य पोतंभर, असा हा प्रकार आहे. वीज तयार होताना आणि साठवताना काही भाग वाया जातो, तो वजा केला तरी घाटाच्या पहिल्या काही किलोमीटरमध्येच कणगी भरते. बोरघाटात उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा आहे, तरी हीच गोष्ट होते.

उरलेली ऊर्जा ब्रेकवर सोडली तर काय होईल? तीन युनिट उष्णतेत सुमारे ३० लिटर साधं पाणी उकळीला येतं. ती सगळी उष्णता चार चाकांच्या डिस्क आणि पॅडमध्ये, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन चाकांत, शिरते. पॅड एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड कमी होते आणि पेडल तेवढंच दाबूनही गाडी कमी थांबते. त्याहून वाईट म्हणजे कॅलिपरमधलं, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं, ब्रेक ऑइल उकळणं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे वाफेचे बुडबुडे झाले की पेडल मऊ होऊन खाली जातं आणि चाकावर जोर पोचत नाही. नवं डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट ४ किमान २३० अंशांना. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावलेल्या ऑइलची किमान मर्यादा डॉट ३ साठी १४० आणि डॉट ४ साठी १५५ अंशांवर येते. कोकणातल्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे काढलेलं, कधीच न बदललेलं ऑइल घेऊन घाट उतरणं धोक्याचं आहे, मग गाडी हायब्रिड असो की नसो.

डी मध्ये काय होतं, बी मध्ये काय होतं

टोयोटा आणि मारुतीच्या या रचनेत इंजिनाबरोबर दोन विद्युत मोटरी असतात आणि तिघांना एक ग्रहमाला गिअर जोडतो: मधे एक चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेर एक कडं. मोठी मोटर गाडीच्या चाकांशी जोडलेली असते, छोटी मोटर इंजिन सुरू करते आणि एरवी वीज तयार करते.

डी मध्ये पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलात की मोठी मोटर जनित्र होते, हलकासा अडसर करते आणि वीज बॅटरीत जाते. इंजिन बहुतेक वेळा थांबलेलंच असतं. ब्रेक पेडल दाबलंत तरी आधी हाच विजेचा अडसर वाढवला जातो, त्याने भागत नसेल तेवढ्यापुरते पॅड डिस्कला लागतात. ही वाटणी संगणक करतो आणि पायाला ती सहसा कळत नाही. उतारावर इंजिन बंद झालं की काही जण घाबरतात, कारण पेट्रोलच्या साध्या गाडीत इंजिन बंद म्हणजे ब्रेक जड. इथे ती भीती बाळगू नका. ब्रेकला मदत करणारी यंत्रणा विजेवर चालते, ‘रेडी’ दिवा लागलेला आहे तोवर इंजिन फिरत नसलं तरी ब्रेक पूर्ण जोराने लागतात.

बी मध्ये दोन गोष्टी बदलतात. पाय काढताच मोटरचा अडसर डी पेक्षा जास्त लागतो. शिवाय छोटी मोटर इंजिनाला फिरवायला लागते. इंजिनात पेट्रोल जात नाही, ठिणगी पडत नाही. ते फक्त हवा ओढतं, दाबतं आणि बाहेर टाकतं, म्हणजे एका मोठ्या पंपासारखं काम करतं. त्यासाठी लागणारी ऊर्जा गाडीच्या उतरण्यातून येते. मोठी मोटर वीज बनवते आणि छोटी मोटर ती इंजिन फिरवण्यात खर्च करते. कणगीत न मावणारं धान्य इथे हवेत उधळलं जातं, आणि तेच हवं असतं, कारण तेवढी उष्णता ब्रेकवर येत नाही. होंडाच्या रचनेत ग्रहमाला गिअर नाही, पण बॅटरी भरल्यावर जादा विजेने जनित्र-मोटर इंजिनाला फिरवते, हे तत्त्व तेच आहे. तिथे स्टिअरिंगमागच्या पॅडलनीही अडसर कमी-जास्त करता येतो. काही मोठ्या हायब्रिड मॉडेलांत बी ऐवजी ‘एस’ आणि पॅडल असतात. तिथे पडद्यावरचा आकडा जितका लहान तितका अडसर जास्त.

म्हणूनच घाटात मध्येच इंजिनाचा आवाज चढतो, कुणीतरी अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरल्यासारखा. सर्व्हिस सेंटरला येणाऱ्या तक्रारींत ही नेहमीची: ‘उतारावर गाडी आपोआप रेस होते.’ बॅटरी भरल्यावर गाडी डी मध्येही हेच करते, बी लावलेला नसला तरी. हा बिघाड नाही. पडद्यावर त्या क्षणाचं मायलेज पाहा. आवाज कितीही मोठा असला तरी पेट्रोल जळत नसल्याचं तिथे दिसेल. आवाजासोबत धोक्याचा दिवा लागला, ठोके ऐकू आले किंवा गाडी थरथरली तर मात्र तो बिघाड समजा.

मग आधीपासून बी का लावायचा?

गाडी बॅटरी भरल्यावर स्वतःच इंजिन फिरवत असेल तर बी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर म्हणजे डी मध्ये पाय काढल्यावर मिळणारा अडसर मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो, सपाट रस्त्यावर गाडी सहज पुढे जात राहावी म्हणून. आठ टक्के उतारावर, म्हणजे दर १०० मीटरला ८ मीटर खाली जाणाऱ्या रस्त्यावर, तो पुरत नाही. गाडी वेग घेते, तुम्ही ब्रेक लावता, सोडता, पुन्हा लावता. अशा उतारावर १,६०० किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरला धरून ठेवायची तर सतत सुमारे ११ किलोवॉट ऊर्जा जिरवावी लागते. दोन किलोवॉटचे पाच-सहा गिझर एकदम चालू ठेवण्याएवढी. त्यातला मोठा भाग बी ने घेतला तर ब्रेक वळणांसाठी आणि अचानक समोर येणाऱ्या गाईसाठी थंड राहतात. घाटात खरी गरज असते ती अशा वेळी पूर्ण जोराने लागणाऱ्या ब्रेकची.

वेगाचंही इथे महत्त्व आहे. तोच उतार ताशी ६० ने उतरलात तर दर सेकंदाला जिरवायची ऊर्जा जवळपास दीडपट होते आणि डिस्कला थंड व्हायला वेळ कमी मिळतो. बी लावला म्हणून वेग वाढवायची मुभा मिळत नाही.

प्रत्यक्ष कसं करायचं

उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच, वेग ताशी ३०-४० वर आणा. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा आणि सरळ रस्त्यावर लिव्हर डी वरून बी वर घ्या. चालत्या गाडीत हे करता येतं, थांबायची गरज नाही. मीटरमध्ये बी दिसतो आहे याची खात्री करा. क्रूझ कंट्रोल चालू असेल तर तो बंद करा. तीव्र उतारावर त्याने वेग हवा तसा धरला जात नाही आणि घाटात तो वापरायचाच नाही.

वळणाच्या मधोमध मात्र बी लावू नका, आणि पावसाळ्यात तर मुळीच नको. या गाड्यांपैकी बहुतेकांत ओढ आणि अडसर दोन्ही पुढच्या चाकांवर असतात. चाकं वळलेली असताना त्यांच्यावर एकदम अडसर आला आणि रस्त्यावर लाल माती, सडलेली पानं किंवा पहिल्या पावसाने वर आलेलं तेल असलं, तर पुढची चाकं घसरतात आणि गाडी वळण्याऐवजी सरळ कठड्याकडे जाते. एबीएस आणि स्थिरता राखणारी यंत्रणा मदत करते, पण रस्त्याला पकडच नसेल तर ती कुठून आणणार? वेग वळणाआधी उतरवायचा, वळणात स्थिर ठेवायचा.

बी लावूनही वेग वाढतोच आहे, असं तीव्र उतारावर किंवा सात माणसं भरलेल्या गाडीत होतं. तेव्हा ब्रेक वापरा, पण पद्धतीने. पेडलवर पाय ठेवून हलकं हलकं घासत राहणं सगळ्यात वाईट, कारण डिस्कला थंड व्हायला क्षणभरही मिळत नाही. समजा वेग ४० ठेवायचा आहे. तो ४० वर पोचला की ठाम दाबून तीन-चार सेकंदांत ३०-३२ वर आणा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा ४० झाला की पुन्हा तसंच. अवजड ट्रकांच्या चालकांना हीच पद्धत शिकवली जाते.

मागच्या गाडीचा विचारही ठेवा. बी च्या अडसराने मागचे ब्रेक लाइट सहसा लागत नाहीत. मागून कुणी फार जवळ येत असेल तर पेडलला हलका स्पर्श करा, दिवे लागतील आणि त्याला कळेल. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमही पाळा. थांबून पुन्हा निघणं उतरणाऱ्याला सोपं असतं.

न्यूट्रल तर विसराच. पेट्रोल वाचेल म्हणून उतारावर गाडी एन ला टाकणारे अजून आहेत. हायब्रिडमध्ये त्याने नुकसानच होतं. एन मध्ये मोटर वीज बनवत नाही, इंजिन अडसर करत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. आणि वाचत तर काहीच नाही, कारण डी मध्ये उतरताना तसंही पेट्रोल जळत नव्हतं. चालत्या गाडीची पॉवर बंद करणं त्याहून धोक्याचं: स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही मर्यादित राहते.

एसीबद्दल एक गैरसमज जाता जाता दूर करू. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि साधारण अर्धा ते एक किलोवॉट घेतो. उतारावर वीज फुकट आणि जागेअभावी वाया जाणारी असते, तेव्हा एसी बंद करून काही हाती लागत नाही. चालू ठेवलात तर तेवढी वीज वापरली जाते, आणि पावसाळ्यातल्या धुक्यात काच स्वच्छ राहते हा मोठा फायदा. त्याच हिशेबाने माथ्यावरच्या गावात बॅटरी मुद्दाम भरत बसू नका. बाजारातून हळूहळू विजेवर गाडी नेली आणि बॅटरी थोडी उतरली, तर घाटात तेवढी जागा कामाला येते.

ब्रेक तापलेच तर

जळका वास, चाकातून धूर, पेडल नेहमीपेक्षा खोल जाणं, ही लक्षणं आहेत. वास आला त्याच क्षणी बी लावा, वेग कमी करा आणि रुंद, सुरक्षित जागी थांबा. पी लावा, चाकांना दगड लावा आणि अर्धा तास तरी थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू किंवा तडकू शकते. पेडल मऊ पडून खाली जात असेल तर ते भराभर दाबत-सोडत राहा, त्याने थोडा दाब तयार होऊ शकतो. ज्या गाडीत इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आहे तिथे त्याचं बटण ओढून धरून ठेवल्यास चालत्या गाडीत तो आणीबाणीचा ब्रेक म्हणून काम करतो. तेही पुरेना, तर गाडी डोंगराच्या बाजूला घ्या, दरीच्या बाजूला कदापि नाही. अशा वेळी थंड झालेले ब्रेक पुन्हा नीट वाटले तरी ऑइल आणि पॅड तपासल्याशिवाय पुढचा घाट घेऊ नका.

हायब्रिडमध्ये एक उलटी अडचणही असते. बराचसा वेग मोटर उतरवत असल्यामुळे पॅड फार कमी झिजतात आणि मालक निर्धास्त होतात. पण न वापरल्यामुळेच डिस्कवर गंज धरतो आणि कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकतात. समुद्राकाठच्या गावांत हे लवकर होतं. मग एका बाजूचा ब्रेक कमी लागतो किंवा सुटतच नाही, आणि ते नेमकं घाटात कळतं. म्हणून पॅड जाड आहेत एवढं ऐकून समाधान मानू नका. चाकं काढून पिना मोकळ्या आहेत का हे पाहायला सांगा आणि ब्रेक ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदला. पॅड शिल्लक आहेत म्हणून ऑइल जुनं होणं थांबत नाही. बॅटरीला थंड हवा देणारी जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर पिशव्या रचल्या आणि बॅटरी तापली, तर ती कमी वीज घेते आणि ब्रेकवरचा भार वाढतो.

शहरात, सपाट महामार्गावर, उड्डाणपुलाच्या छोट्या उतारावर बी चं काही काम नाही. तिथे बॅटरीत जागा असते, डी मध्ये ब्रेक हळू दाबलात तर वीज तिच्यात जाते, आणि बी मध्ये तीच वीज इंजिन फिरवण्यात घालवली जाते. विसरून बी मध्येच राहिलात तर गाडी मोडत नाही, फक्त मायलेज पडतं. चढ-उतार मिसळलेल्या घाटात चढ लांब असेल तर डी वर या, उतार सुरू होताना परत बी वर. माइल्ड हायब्रिड गाड्यांना हे सगळं लागू नाही. त्यांची मोटर छोटी असते आणि गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, तिथे गिअर खाली आणायची जुनी रीतच योग्य.

पोलादपूरची सपाटी लागली की लिव्हर डी वर ढकला. बॅटरीच्या सगळ्या कांड्या तेव्हा भरलेल्या असतील. हिशेबाने ती वीज अर्ध्या युनिटच्या आतच असते, पण महामार्गावरचे पहिले दोन-तीन किलोमीटर हळू गेलात तर इंजिन न लावता त्यातच निघतात.